यंदाचा गरुड

मिलिंद, काल सकाळपर्यंत तुझ्या बांबूच्या काठ्या माझ्या गाडीत होत्या. मागची सीट पाडून आडव्या ठेवल्या होत्या, तरी टोकं पुढे माझ्या खांद्यापर्यंत यायची आणि ब्रेक दाबला की पाठीत टोचायची. त्या तुझ्या बेसमेंटमध्ये नेऊन ठेवणं म्हणजे दोन जिने उतरायचं काम, पण ते माझ्याच्याने होत नव्हतं. ऑफिसला गेले तरी काठ्या बरोबर, ग्रोसरीला गेले तरी काठ्या बरोबर. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, "काय वं सुजे, झेंडे लावायला चालली काय?"

मी अजून तुला माफ केलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे रडले तर तुझा गैरसमज नको व्हायला. एका गल्लीत वाढलो, एका कॉलेजात शिकलो, मी एडमंटनला आले म्हणून माझ्यामागे तूही आलास, आणि जायच्या वेळी मात्र न सांगता पुढे. ही कुठली पद्धत?

त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. फोनवर लिझाचं नाव दिसलं तशी मी उठून बाहेर आले, कारण तुझी बायको हॉस्पिटलच्या ड्यूटीवर असताना कधी कुणाला फोन करत नाही. "आते, मिलिंद फेल डाऊन. इन द स्टोअर," एवढंच ती म्हणाली. त्यांच्याकडे, फिलिपिन्समध्ये, मोठ्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्यांदा तिने मला आते म्हटलं तेव्हा तू हसून लोळला होतास, म्हणालास, बायकोने आयती नणंद करून घेतली.

मी पोचले तेव्हा लिझा तिच्या ड्यूटीच्या कपड्यांतच उभी होती, पण हॉस्पिटल तिचं नव्हतं. ती मला नातेवाइकांना सांगतात तसं शांतपणे सांगू लागली, "दे ट्राइड फॉर अ लाँग टाइम, आते." मी म्हटलं, "बरं, मग आता कुठल्या वॉर्डात आहे?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी परत विचारलं, "कुठल्या वॉर्डात?" मला खरंच वाटत होतं की तू वर कुठेतरी ॲडमिट आहेस आणि मला फक्त मजला सांगायचा राहिलाय. अजूनही वाटतं. केस पिकले नव्हते तुझे. हिवाळ्यात दोन शेजाऱ्यांचे ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करून देणारा माणूस, आणि जुलैच्या छान उन्हात, एका दुकानाच्या बागकामाच्या विभागात, ट्रॉली धरून उभा असताना खाली पडतो. हे मला कुणी समजावून सांगू शकत नाही. डॉक्टरने हृदयाचं काय ते सांगितलं, मी मान हलवली, आणि कळलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी गाडी त्या दुकानाच्या पार्किंगमधून आणायला मी आणि शेजारीण गेलो. तिने तुझी गाडी घेतली. मी आत का गेले माहीत नाही. कदाचित तू तिथे असशील म्हणून. काउंटरवरच्या बाईने मला थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आर यू हिज फॅमिली? द ईगल मॅन?" तू तिला दर उन्हाळ्यात गरुडाची गोष्ट सांगायचास म्हणे. तिने तुझ्या काठ्या काउंटरमागे वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. लोक टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला नेतात त्या काठ्या. तिने त्या माझ्या हातात दिल्या आणि मी थँक यू म्हटलं, जणू तूच आणायला पाठवलं होतंस.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण मला ते पहिल्यापासून आठवून पाहायचंय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तुझ्या. इथे उन्हाळ्यात पार्कात मेळा भरतो, प्रत्येक देशाचा एक तंबू. लिझाच्या फिलिपिनो असोसिएशनला तंबूसमोर लावायला बॅनर हवं होतं. तू म्हणालास, "बॅनर कशाले? मी तुमचा पक्षी बनवतो." त्यांचा राष्ट्रीय पक्षी म्हणजे गरुड. पण आपण पाहतो तसा नव्हे. हा केवढा तरी मोठा, डोक्यावर पिसांची आयाळ उभी, डोळे निळसर राखाडी, आणि सगळ्या जगात फक्त त्यांच्याच बेटांवरच्या जंगलात राहणारा. जंगल तुटलं तसा तोही संपत आला. जोडी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालते, ते जगलं तर जगलं. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्यालाही कुणीतरी बंदूक रोखून पाडतं. चित्रं मात्र देशभर, टी-शर्टवर, शाळेच्या भिंतीवर. लिझा एकटी सूटकेस घेऊन कॅनडात आली तेव्हा सूटकेसवर त्याचंच स्टिकर होतं. खरा तिनेही कधी पाहिला नव्हता.

आणि तू तो बनवायला बसलास नागपूरच्या पद्धतीने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीची मिरवणूक निघते, तिच्याबरोबर कागदाचे मोठमोठे बडगे, म्हणजे पुतळे, नाचवत नेतात आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. लोक ओरडतात, इडा पिडा, खोकला, ताप, घेऊन जाय गे मारबत. तुझे बाबा चिडायचे. आपण हे मानत नाही, ही अंधश्रद्धा आहे, वंदनेला बस त्यापेक्षा, म्हणायचे. तू मागच्या दाराने पळून बडगे बनवणाऱ्या पोरांत जाऊन बसायचास आणि हाताला खळ लागलेली घेऊन घरी यायचास. "बाबा, मी पिडा-बिडा मानत नाही, मले खळ आवडते," असं एकदा म्हणालास आणि थोबाडीत खाल्लीस. आवाज आमच्या अंगणात ऐकू आला होता.

तीच खळ तू एडमंटनच्या बेसमेंटमध्ये शिजवलीस. मैदा इथला, काठ्या टोमॅटोच्या, कागद म्हणजे सगळ्या गल्लीच्या पत्रपेट्यांतले ग्रोसरीचे फ्लायर्स. त्या पहिल्या गरुडाच्या पोटावर रंगाखालून चिकनचा सेल दिसत होता. पण झाला सुंदर. मेळ्यात लोक रांगेने फोटो काढत होते. असोसिएशनचे म्हातारे प्रमुख, ज्यांना सगळे कुया बेन म्हणतात, म्हणजे बेनदादा, त्यांचे डोळे भरून आले. आणि तू उचललीस जीभ लावलीस टाळ्याला. खुर्चीवर उभा राहिलास आणि आनंदाने जाहीर केलंस, "टुमारो वी बर्न इट! एव्हरीबडी प्लीज कम!"

फोटो काढणारे फोन एकेक करून खाली आले. तू शुंभासारखा हसत उभा होतास. तुला कळतच नव्हतं काय चुकलं. नागपूरच्या माणसाच्या डोक्यात कागदाचं अंग एकदा मिरवलं की जाळायचंच, त्याचं दुसरं काय करतात? आणि समोर ही माणसं, ज्यांच्या देशातून तो पक्षी नाहीसा होत चाललाय. कुया बेनने टोपी काढून हातात घेतली. लिझा म्हणत होती, "ही मीन्स समथिंग एल्स," आणि तू म्हणत होतास, "नो नो, आय मीन बर्न." मी तंबूच्या मागे जाऊन बसले, हसून हसून पुरेवाट झाली माझी.

तो गरुड अर्थातच जाळला नाही. मोठ्या मानाने कुया बेनच्या गॅरेजमध्ये ठेवला. हिवाळा आला, त्याच्यावर कुणीतरी स्नो ब्लोअर टेकवला, मग जुने टायर. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा तो ओला लगदा झाला होता आणि डोक्यात उंदरांनी घर केलं होतं. कुया बेनने स्वतः तुला फोन केला, "मिलिंद, बर्न इट. प्लीज."

तुझ्या बॅकयार्डातल्या त्या पहिल्या जाळाशी लिझाने जे सांगितलं ते तिने तुलाही आधी सांगितलेलं नव्हतं. तिचे आजोबा डोंगरातले. तरुणपणी त्यांनी एक गरुड मारला होता, डुकराचं पिल्लू नेलं म्हणून. तेव्हा तो राष्ट्रीय वगैरे नव्हता, गावाच्या लेखी मोठा चोर होता. पुढे तो देशाचा पक्षी झाला. नातवंडं शाळेतून आली की त्याच्या गोष्टी सांगायची, आणि म्हातारा ताटावरून उठून बाहेर जायचा. हे सांगताना लिझा जाळाकडेच पाहत होती. तू तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "म्हणजे मी गरुड मारणाऱ्याच्या घरचा जावई. आता जन्मभर बनवणं आलं." ती हसली. तू चेष्टा करत नव्हतास हे मला तेव्हा कळलं नाही.

मग दर उन्हाळ्यात एक गरुड. बनवायचा, मिरवायचा, फायर पिटमध्ये जाळायचा. तुझी लेक मैत्री मोठी झाली तशी तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी तुझी मारबतीची आरोळी उचलली. सगळी फिलिपिनो पोरं नागपुरी हेल काढून ओरडायची, "घेऊन जाय बे गरुडा!" आणि मग ज्याचं त्याचं. टेक मॅथ. टेक मायनस फोर्टी. टेक माय ब्रदर. एकदा एक नवीन आलेली बाई हळूच म्हणाली, टेक द नाइट शिफ्ट.

माझं तुझं भांडण इथेच होतं. दरवर्षी तेच भांडण, तरी शिळं झालं नाही. मी म्हणायची, ज्या बिचाऱ्याची दोन वर्षांत एक अंडं घालायची ऐपत, त्याच्या डोक्यावर तुम्ही सगळ्यांचे सर्दी-खोकले कशाला घालता? तू म्हणायचास, "राष्ट्रीय पक्षी म्हणजे दुसरं काय असते वं? अख्ख्या देशाचं ओझं एका पक्ष्याच्या पाठीवर. त्यानं उंच उडावं, त्यानं शूर दिसावं, त्यानं मरू नये. आपण मात्र झाड तोडू." मी म्हणायची, मग निदान जाळू तरी नकोस, ठेव एखादा. तू म्हणायचास, "जपून ठेवलं का लोकं विसरून जातेत. गॅरेजातला पाहिला नाही काय? जाळलं का पुढच्या साली पुन्हा बनवा लागते." आपलंच घोडं पुढे दामटायची तुझी जुनी सवय.

तू गेलास त्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी तू मला बेसमेंटमध्ये नेलंस. यंदाचा गरुड टेबलावर होता. डोकं पूर्ण, आयाळ फ्लायरच्या पट्ट्यांची, डोळे तू रंगवून घेतले होतेस आणि ते खरंच पाहत होते. उजवा पंख झाला होता, डावा व्हायचा होता. आजवरचा सगळ्यांत देखणा. डिसेंबरमध्ये तुम्ही तिघं लिझाच्या गावी जाणार होतात, पिंजऱ्यातला का होईना, खरा एकदा मैत्रीला दाखवायला. मी म्हटलं, "मिलिंद, हा नको जाळूस. हा मैत्रीसाठी ठेव. माझं एवढं ऐक." तू नेहमीसारखा उसळला नाहीस. डोकं खाजवलंस, म्हणालास, "पुढच्या रविवारी ये, मग सांगतो तुले."

काय सांगणार होतास? मी त्या एका वाक्यापाशी अडकून बसलेय. पुढचा रविवार आला, आणि त्या दिवशी मी पांढरे कपडे घालून क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये उभी होते. आपल्या लोकांनी त्रिशरण पंचशील म्हटलं, लिझाच्या मैत्रिणींनी त्यांची प्रार्थना म्हटली, दोन्ही बाजूंच्या मध्ये मैत्री पांढरा फ्रॉक घालून उभी. बटण लिझाने दाबलं.

बाहेर पार्किंगमध्ये मैत्रीने माझा हात ओढला. "आत्या, व्हॉट डिड ही टेक?"

"कोण, काय?"

"व्हेन यू बर्न इट, इट टेक्स स्टफ. सो व्हॉट डिड बाबा टेक?"

मिलिंद, तुला शोभतं का हे? स्वतः काडीचा विश्वास नसताना लेकीला ते शिकवून ठेवलंस, आणि उत्तर द्यायला मी. मी म्हटलं, "गाडीत बस, बेटा." ती बसली. त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही, रडलीही नाही. शाळेला सुट्टी, त्यामुळे दिवसभर बेसमेंटमध्ये त्या एका पंखाच्या गरुडाखाली बसून राहायची. जेवण तिथेच. लिझा जिन्यात उभी राहून बघायची आणि वर यायची. नर्स आहे ती, दुसऱ्यांच्या मुलांना काय बोलायचं हे तिला चांगलं येतं. आपल्या मुलीला कसं बोलतं करायचं हे काही तिला सुचेना.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तुझ्या आठवणीच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकसमोर गेले, तुझं पूर्ण नाव घेतलं आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं दुःखाने बोलवलं नाही. खरं म्हणजे मला सगळ्यांसमोर तुझ्याशी भांडावंसं वाटत होतं.

मेळा जवळ आला. कुया बेन घरी आले, टोपी हातात. म्हणाले, यंदा गरुड नको, नोबडी एक्स्पेक्ट्स इट. लिझा म्हणाली, "बट ही वेंट टू गेट द स्टिक्स." आणि माझ्याकडे पाहिलं. काठ्या माझ्या गाडीत आहेत हे तिला ठाऊक होतं. इतके दिवस तिने एकदाही मागितल्या नव्हत्या.

म्हणून काल सकाळी मी त्या खाली नेल्या. मैत्री टेबलाखाली बसलेली. तिने काठ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. मी खळ करायला घेतली. आयुष्यात कधी केली नव्हती, फक्त तुझ्या कामाला नावं ठेवली होती. पातेल्यात मैदा, पाणी, ढवळतेय, गुठळ्या होतायत. शेवटी टेबलाखालून आवाज आला, "आत्या, दॅट्स डो." कणीकच झाली होती ती.

ती बाहेर आली. पातेलं माझ्या हातातून घेतलं, सगळं ओतून दिलं, पहिल्यापासून सुरू केलं. थंड पाण्यात मैदा आधी कालवून मग शिजवायचा असतो म्हणे. मी कात्री उचलली तर म्हणाली, "नो सिझर्स. टेअर इट. कापलेली कड चिकटत नाही, बाबा सेज." सेज म्हणाली, सेड नाही. मी काही दुरुस्त केलं नाही. काठ्या कुठे वाकवायच्या, दोरा ओला करून कसा आवळायचा, पिसांच्या पट्ट्या खालून वर लावत जायच्या, सगळं तिच्या हातांना येत होतं. तिने तुझ्यासारखीच जीभ गालात दाबून धरली होती. लिझा जिन्यात येऊन उभी राहिली आणि या वेळी वर गेली नाही, तिथेच पायरीवर बसली.

मी तुझ्या मुलीचे हात बघत होते आणि मला कळत होतं की मी हरलेय. पहिला गरुड टिकला असता, किंवा मी म्हणत होते तसा एखादा आपण काचेत ठेवला असता, तर आज तिच्याकडे एक गरुड असता. पंख कसा करायचा हे तिला कुठून आलं असतं? हेच सांगणार होतास ना रविवारी? की माझं ऐकणार होतास? ते आता कधीच कळायचं नाही. पण तू जिंकलास, हे मी लिहून देते, कारण बोलून देण्याची सोय राहिली नाही.

पंख अर्धा झाला तेव्हा मी धीर केला. माझ्या मनात सगळं तयार होतं. तो फोन, तो हॉस्पिटलचा कॉरिडॉर, कुठल्या वॉर्डात म्हणून मी दोनदा विचारलं ते, लिझाच्या पलंगाची रिकामी बाजू, डिसेंबरची तीन तिकिटं. इतकी वर्षं त्या पक्ष्यावर ओझं घालू नका म्हणून मी भांडले, आणि यंदा सगळ्यांत मोठं गाठोडं माझंच होतं. मीच सगळ्यांच्या आधी ओरडणार होते, घेऊन जाय बे गरुडा.

मी विचारलं, "मैत्री, यंदा याला काय काय न्यायला सांगायचं?"

ती पट्टी चिकटवत राहिली. "नथिंग."

"काहीच नाही?"

"इट ऑल्वेज हॅज टू टेक एव्हरीबडीज स्टफ. धिस टाइम इट जस्ट गेट्स टू गो." तिने अंगठ्याने पट्टीची कड दाबली, तू दाबायचास तशी. मग पुढची पट्टी माझ्याकडे मागायला हात पसरला आणि म्हणाली, "बाबा पण."

मराठीत म्हणाली. पायरीवर लिझाने तोंडावर हात धरला. तिला तेवढं मराठी येतं.

मी फ्लायर फाडून तिच्या हातात दिला. मग आणखी एक फाडला. ते सगळं गाठोडं आता माझ्याजवळच राहणार, मिलिंद. तू मोकळा जा.